ऐतिहासिक प्रणयकादंबरी आणि वाचकाचा अपेक्षाभंग : ‘राऊ’च्या निमित्ताने एक विवेचन

प्रस्तावना

मराठी वाङ्मयात ऐतिहासिक कादंबरीइतका लोकप्रिय आणि त्याच वेळी इतका वादग्रस्त असा दुसरा वाङ्मयप्रकार क्वचितच आढळेल. ग्रंथालयाच्या देवघेवीत, शालेय बक्षिसांत, मुंजीलग्नाच्या भेटीत आणि महाविद्यालयीन अभ्यासक्रमात या प्रकाराने आपले स्थान दीर्घकाळ टिकवून ठेवले आहे. तथापि, याच कादंबऱ्या वाचून निराश झालेल्या वाचकांचाही एक वर्ग आहे आणि त्याच्या मताची नोंद मात्र फारशी होत नाही. लोकप्रियता आवृत्त्यांवरून मोजता येते. निराशेला असे माप नाही. ज्याला कादंबरी आवडली नाही तो वाचक पुस्तक परत करतो आणि विषय तेथेच संपतो. विद्यार्थ्याला तर एवढेही स्वातंत्र्य नसते. अभ्यासाला नेमलेली कादंबरी आपल्याला आवडली नाही, असे लिहिण्यास उत्तरपत्रिकेत जागा नसते.

निराश वाचकाचे मत म्हणजे अपुऱ्या अभिरुचीचे लक्षण, असा समज अध्यापनाच्या क्षेत्रात रूढ आहे. हा समज तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कोणतीही कादंबरी वाचकाला काही आश्वासन देते. अपेक्षाभंग होतो तेव्हा त्या आश्वासनाचे स्वरूप उघड होते. म्हणून अपेक्षाभंग हे समीक्षेचे एक साधन ठरू शकते. ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ (१९७२) ही बाजीराव-मस्तानी यांच्या प्रेमावरील कादंबरी येथे मध्यवर्ती उदाहरण म्हणून घेतली आहे, आणि शेवटी या प्रश्नाचा सिरोंचासारख्या सीमावर्ती, बहुभाषिक परिसरातील वाचकाशी असलेला संबंध स्पष्ट केला आहे.

ऐतिहासिक प्रणयकादंबरीची घडण

मराठी कादंबरीच्या आरंभकाळात अद्भुताचे प्राबल्य होते. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) ही त्याची ठळक उदाहरणे होत. ‘मंजुघोषा’च्या प्रस्तावनेत रिसबुडांनी या अद्भुताचे जे समर्थन केले आहे, ते येथे विशेष महत्त्वाचे आहे. विवाहाच्या रूढ पद्धतीमुळे आणि इतर कारणांमुळे हिंदूंच्या नित्याच्या आयुष्यात मनोरंजक म्हणावे असे गुण वा दोष आढळत नाहीत, आणि हीच कादंबरीकारापुढील अडचण होय, अशा आशयाचा त्यांचा युक्तिवाद आहे.

हा युक्तिवाद कितीही एकांगी वाटला तरी त्यातून एक मूलभूत गोष्ट उलगडते. प्रणयकथेला निवडीचे स्वातंत्र्य लागते. ज्या समाजात विवाह बालवयात आणि वडीलधाऱ्यांच्या इच्छेने होत, त्या समाजाच्या वर्तमानात प्रणयकथा रचणे कठीण होते. साहजिकच प्रेम वर्तमानातून उठून प्रथम अद्भुताच्या प्रदेशात आणि नंतर इतिहासाच्या प्रदेशात गेले. रा. भि. गुंजीकर यांची ‘मोचनगड’ (१८७१) ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. तिची पार्श्वभूमी शिवकालाची असली तरी कथेचा भार काल्पनिक पात्रांवर आहे. ही रीत सर वॉल्टर स्कॉटच्या रीतीशी जुळणारी होती. ‘वेव्हर्ली’पासून (१८१४) स्कॉटने इतिहासातील थोर व्यक्तींना कडेला ठेवून सामान्य, काल्पनिक नायकाला मध्यभागी आणले होते.

ह. ना. आपटे यांनी ‘करमणूक’ या १८९० मध्ये सुरू केलेल्या साप्ताहिकातून ऐतिहासिक कादंबरीला व्यापक वाचकवर्ग मिळवून दिला. ‘म्हैसूरचा वाघ’ हा त्यांचा पहिला प्रयत्न मेडोज टेलरच्या इंग्रजी कादंबरीच्या आधाराने झालेला होता. पुढे ‘उषःकाल’ आणि ‘वज्राघात’ या कादंबऱ्यांत त्यांची स्वतःची वाट स्पष्ट झाली. तथापि, निर्णायक बदल घडला तो १९६० नंतर. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) प्रसिद्ध झाली, तिला १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि थोर ऐतिहासिक पुरुषच कथेचा नायक झाला. थोरल्या माधवरावांचे राजकारण आणि रमाबाईंशी असलेले त्यांचे हळुवार नाते या दोहोंना त्या कादंबरीत जवळपास सारखेच वजन आहे. ‘राऊ’ याच प्रवाहातील असून तिने एक पाऊल पुढे टाकले. येथे प्रेम राजकारणाच्या जोडीला येत नाही, ते स्वतःच संघर्षाचा विषय होते.

या बदलाचा वाचकाच्या अपेक्षांवर खोल परिणाम झाला. नायक काल्पनिक असेल तर त्याच्या प्रेमाबद्दल कोणी पुरावा मागत नाही. नायक बाजीराव असेल तर प्रत्येक प्रसंग हे नकळत एक ऐतिहासिक विधान ठरते. अपेक्षाभंगाची शक्यता येथूनच वाढली.

अपेक्षाभंगाची तात्त्विक बाजू

वाचक कोऱ्या मनाने पुस्तक उघडत नाही. पूर्वी वाचलेली पुस्तके, वाङ्मयप्रकाराचे संकेत आणि स्वतःचा जीवनानुभव यांतून त्याच्या मनात जे तयार होते, त्याला जर्मन अभ्यासक हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘अपेक्षांचे क्षितिज’ अशी संज्ञा दिली. एखादी कृती ते क्षितिज पूर्ण करते, ओलांडते किंवा मोडते. याउस यांच्या मते कृतीचे ऐतिहासिक महत्त्व ठरविताना या प्रतिसादाचा विचार करावाच लागतो.

भारतीय साहित्यशास्त्रातही हा विचार निराळ्या परिभाषेत आढळतो. अभिनवगुप्तांनी ‘अभिनवभारती’त रसप्रतीतीच्या आड येणाऱ्या सात विघ्नांची चर्चा केली आहे. त्यांतील पहिले विघ्न ‘संभावनाविरह’ हे होय. समोर मांडलेली गोष्ट घडू शकेल असे ज्याला वाटतच नाही, त्याला रसास्वाद घेता येत नाही. ‘अप्रधानता’ या विघ्नात गौण गोष्ट पुढे येऊन मुख्य भाव मागे पडतो, तर ‘संशययोग’ या विघ्नात नेमका कोणता भाव व्यक्त होतो आहे याविषयी मन साशंक राहते. ऐतिहासिक प्रणयकादंबरीने निराश झालेला वाचक जे साध्या शब्दांत सांगतो, ते पुष्कळदा या तिहींपैकी एखाद्या विघ्नाचे वर्णन असते. “हे पटत नाही”, “लढायाच फार आहेत”, “त्यांचे खरेच प्रेम होते की नाही ते कळत नाही” अशा तऱ्हेच्या प्रतिक्रिया येथे आठवाव्यात.

दुसऱ्या बाजूने आनंदवर्धनांचे मत लक्षात घ्यावे लागते. इतिहासातून घेतलेल्या कथेत रसाला प्रतिकूल असे काही असेल तर कवीने ते गाळावे आणि रसानुकूल असे नवे कल्पावे, कारण घडलेले वृत्त सांगण्याचे काम इतिहास करीतच असतो, असा त्यांचा अभिप्राय ‘ध्वन्यालोका’त येतो. म्हणजे कल्पनेचे स्वातंत्र्य परंपरेने मान्य केलेलेच आहे. प्रश्न उरतो तो त्या स्वातंत्र्याच्या वापराचा.

या प्रश्नाची सर्वांत प्रामाणिक मांडणी इटालियन कादंबरीकार अलेस्सांद्रो मान्झोनी यांनी केली. स्वतः एक श्रेष्ठ ऐतिहासिक कादंबरी लिहिलेल्या या लेखकाने १८५० मध्ये ऐतिहासिक कादंबरीविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी वाचकांच्या दोन परस्परविरोधी तक्रारी समोरासमोर ठेवल्या. काही वाचक म्हणतात की, खरे कोणते आणि कल्पित कोणते हे लेखक वेगळे करून दाखवीत नाही. इतर वाचक म्हणतात की, लेखक ते वेगळे करून दाखवितो आणि त्यामुळे कथेची एकसंधता भंगते. मान्झोनींच्या मते दोन्ही तक्रारी रास्त आहेत आणि म्हणून हा वाङ्मयप्रकारच मुळात अडचणीचा आहे. हा टोकाचा निष्कर्ष मान्य केला नाही तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. वाचकाच्या तक्रारीला मान्झोनींनी अज्ञान मानले नाही. त्यांनी ती वाङ्मयप्रकाराच्या अंतर्विरोधाची खूण मानली.

सत्याविषयीचा अपेक्षाभंग

बाजीराव आणि मस्तानी यांच्याविषयी निश्चित माहिती थोडी आहे. बाजीराव १७२० मध्ये पेशवे झाले. १७२९ मध्ये बंगशाविरुद्ध छत्रसालाच्या मदतीला ते बुंदेलखंडात गेले. मस्तानीपासून त्यांना १७३४ मध्ये समशेर बहाद्दर हा पुत्र झाला. तो पुढे १७६१ च्या पानिपतच्या युद्धात जखमी होऊन मरण पावला. बाजीरावांच्या अखेरच्या काळात पुण्यात मस्तानीला अटकेत ठेवण्यात आले. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचे निधन झाले आणि त्यानंतर लवकरच मस्तानीचाही अंत झाला. तिची कबर पाबळ येथे आहे. तिच्या जन्माविषयी आणि मृत्यूच्या कारणाविषयी एकवाक्यता नाही. गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, तरी दोघांच्या खासगी आयुष्यावर त्यांतून पडणारा प्रकाश मर्यादित आहे.

साधनांतील ही पोकळी कादंबरीकाराला मोकळीक देते आणि वाचकाला संशयात टाकते. इनामदारांच्या एकूण लेखनाकडे पाहता त्यांची भूमिका स्पष्ट होते. ‘झेप’मध्ये त्रिंबकजी डेंगळे, ‘मंत्रावेगळा’मध्ये दुसरा बाजीराव आणि ‘शहेनशहा’मध्ये औरंगजेब अशा, रूढ इतिहासाने दूषण दिलेल्या किंवा दुर्लक्षिलेल्या व्यक्तींना माणूस म्हणून समजून घेण्याचा त्यांचा प्रयत्न होता. ‘राऊ’ हा त्याच प्रयत्नाचा भाग होय. परंतु वाचकासमोर कागदपत्रांनी सिद्ध झालेली घटना आणि लेखकाने कल्पिलेला संवाद एकाच स्वरात, एकाच विश्वासाने येतात. इतिहासाची गोडी असलेला वाचक येथे अडखळतो. त्याला कल्पना नको असते असे नव्हे. कल्पना कोठे सुरू झाली हे त्याला जाणून घ्यायचे असते.

ही अस्वस्थता निष्फळ नसते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे द. ग. गोडसे यांचा ‘मस्तानी’ (१९८९) हा ग्रंथ. मस्तानीभोवती साचलेली कलावंतिणीची प्रतिमा आणि आख्यायिका यांवर समाधान न मानता गोडसे यांनी साधनांच्या आधारे तिच्या व्यक्तिरेखेचा शोध घेतला. लोकप्रिय चित्राने समाधान न झालेला वाचक संशोधनाकडे कसा वळू शकतो, हे या ग्रंथावरून दिसते.

याहून वेगळे उदाहरण नरहर कुरुंदकर यांचे आहे. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ (१९६८) या कादंबरीला त्यांचे प्रदीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडलेले आहे. शिवाजी महाराजांचे थोरपण नेमके कशात आहे आणि साधनांची विश्वसनीयता कशी ठरवावी, यांचा त्यात चिकित्सक ऊहापोह आहे. एका चिकित्सक वाचकाच्या अपेक्षा कादंबरीच्या आरंभीच छापल्या जाव्यात आणि वाचकाने त्या कसोटीवर कादंबरी तपासावी, अशी ही दुर्मीळ घटना होय. लेखक आणि असा वाचक यांच्यात संवाद होऊ शकतो, हे तिने सिद्ध केले.

सत्याविषयीच्या अपेक्षाभंगाला गंभीरपणे घेण्याचे आणखी एक कारण आहे. कादंबरीतील कल्पित काही काळाने इतिहास म्हणून रूढ होते. आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीच्या शीर्षकावरून कोंढाण्याचे ‘सिंहगड’ हे नाव १६७० मध्ये तानाजीच्या मृत्यूनंतर पडले, असा समज घरोघर पोचला. वस्तुतः ‘सिंहगड’ हे नाव १६६३ च्या पत्रातच आढळते. ‘राऊ’च्या बाबतीतही कादंबरीवर आधारित ‘बाजीराव मस्तानी’ हा संजय लीला भन्साळी यांचा चित्रपट २०१५ मध्ये आला, तेव्हा काशीबाई आणि मस्तानी एकत्र नृत्य करतात या दृश्याला पेशव्यांच्या वंशजांसह अनेकांनी हरकत घेतली. कादंबरी वाचून एकट्याने निराश होणे आणि पडद्यावरील दृश्याविरुद्ध सार्वजनिक निषेध करणे यांत अंतर आहे. पहिल्यात चिकित्सा असते, दुसऱ्यात पुष्कळदा अस्मितेचा आवेश मिसळतो. तरीही दोहोंच्या मुळाशी कल्पित कोठे संपते हाच प्रश्न आहे. वर्गात त्याची शांतपणे चर्चा झाली असती, तर रस्त्यावरील चर्चेचा स्वर कदाचित वेगळा झाला असता.

प्रेमाविषयीचा आणि भाषेविषयीचा अपेक्षाभंग

सर्वच वाचक इतिहासासाठी ऐतिहासिक कादंबरी वाचीत नाहीत. अनेकांना प्रेमकथा हवी असते. त्यांची निराशा वेगळ्या कारणाने होते. या प्रकारच्या कादंबऱ्यांत स्त्रीचे सौंदर्य, तिचा त्याग आणि तिची वाट पाहणे यांना भरपूर जागा मिळते, मात्र तिच्या विचाराला आणि निर्णयाला ती मिळत नाही. कथेची दिशा नायकाच्या मोहिमा ठरवितात. नायक परत येतो तेव्हा प्रेम सुरू होते, तो निघून जातो तेव्हा ते थांबते. परिणामी वाचकाला प्रेमाची परिणामकथा मिळते, प्रेमाची घडण मिळत नाही.

बाजीराव-मस्तानीच्या कथेत तीन स्त्रिया केंद्रस्थानी येऊ शकतात. मातुःश्री राधाबाई, पत्नी काशीबाई आणि मस्तानी. तिघींचे धर्मविषयक, कुटुंबविषयक आणि व्यक्तिगत प्रश्न भिन्न आहेत. ‘काशीबाईंना काय वाटत असेल?’ हा प्रश्न कोणतीही विद्यार्थिनी सहज विचारू शकते, आणि तो भाबडा नसून समीक्षेचा आहे. अभिनवगुप्तांच्या परिभाषेत सांगायचे तर जेथे प्रेम प्रधान असायला हवे तेथे पराक्रम प्रधान झाला, अशी ‘अप्रधानते’ची ही तक्रार होय. भालचंद्र नेमाडे यांनी ‘टीकास्वयंवर’मध्ये (१९९०) ऐतिहासिक कादंबरीच्या रंजनपरतेवर जी कठोर टीका केली, तिचे मूळ कादंबरीने वास्तवापासून घेतलेल्या फारकतीत आहे. सामान्य वाचकाची तक्रार याहून मर्यादित असते. त्याला रंजन हवेच असते, परंतु त्या रंजनात माणसे जिवंत असावीत एवढीच त्याची अपेक्षा असते.

भाषेचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. पेशवेकालीन पत्रांची मराठी चटपटीत, व्यवहारी आणि फार्सी शब्दांनी भरलेली आहे. हिशेब, ताकीद, राग, थट्टा हे सारे त्यांत थोड्या शब्दांत येते. लोकप्रिय ऐतिहासिक कादंबरीने त्याऐवजी अदबीची, संस्कृतप्रचुर आणि अलंकृत अशी एक स्वतंत्र बोली घडविली. ती ऐकताना काळाचा भास होतो, पण ती त्या काळाची नसते. प्रेमाचा संवादही दरबारी थाटात होऊ लागला की वाचकाला पात्रांच्या जवळ जाता येत नाही. ‘भाषा जड वाटली’ या मोघम तक्रारीचा हा नेमका अर्थ आहे.

अनुपस्थितीचा अपेक्षाभंग : सिरोंचाचा संदर्भ

येथपर्यंत विचारात घेतलेल्या तक्रारींचे बीज मान्झोनींच्या किंवा अभिनवगुप्तांच्या विवेचनात सापडते. सिरोंचासारख्या ठिकाणी मात्र एक निराळा अपेक्षाभंग संभवतो, ज्याची नोंद समीक्षेने क्वचित घेतली आहे.

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ वसलेल्या या तालुक्यात तेलुगू, गोंडी-माडिया आणि मराठी या भाषा शेजारी नांदतात. नदीपलीकडे तेलंगण, पूर्वेस छत्तीसगड अशी त्याची रचना आहे. येथील अनेक विद्यार्थ्यांसाठी मराठी ही शिक्षणाची भाषा आहे, घराची नव्हे. असा विद्यार्थी ‘स्वामी’ किंवा ‘राऊ’ हाती घेतो, तेव्हा शनिवारवाडा, पर्वती, थेऊर ही नावे त्याच्यासाठी आठवणींची नसतात. पुण्याच्या वाचकाला जे ओळखीचे म्हणून हृद्य वाटते, ते त्याला परके म्हणून शिकावे लागते. मराठी ऐतिहासिक कादंबरीने ‘आपला इतिहास’ असे जे आश्वासन दिलेले असते, त्यातील ‘आपला’ या शब्दापाशी तो थबकतो.

याचा अर्थ या भूमीला इतिहास नाही असा नव्हे. चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे जाईपर्यंत कित्येक शतके टिकले. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांना चांद्यात फाशी देण्यात आले. १८६० मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आलेल्या मुलखाचा अप्पर गोदावरी हा जिल्हा झाला आणि त्याचे मुख्य ठाणे सिरोंचा होते. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला. गोदावरीतून समुद्रापर्यंत जलवाहतूक सुरू करण्याची इंग्रजांची मोठी योजना याच परिसरातील खडकाळ पात्रांपाशी अडली आणि १८७१ मध्ये सोडून देण्यात आली. राजसत्तांचा अस्त, बंड, वसाहतीची महत्त्वाकांक्षा आणि तिचे अपयश, असे कादंबरीला हवे ते सारे येथे आहे. गाजलेल्या मराठी ऐतिहासिक कादंबऱ्यांचा भूगोल मात्र प्रामुख्याने रायगड, सातारा, पुणे आणि पानिपत यांभोवती फिरतो.

या उणिवेवर ‘चांद्याच्या राजाची प्रेमकथा’ लिहिणे हा उपाय सुचू शकतो, परंतु तो पुरेसा नाही. गोंड राजा बिरशाह याची कथा परंपरेने आणि जुन्या महसुली अहवालाने जतन केली आहे. सासरी अपमानित झालेल्या मुलीसाठी त्याने जावयाविरुद्ध युद्ध केले आणि पुढे स्वतःच्या दुसऱ्या विवाहप्रसंगी तो मारला गेला, असे ती कथा सांगते. रूढ साच्यातील कादंबरीकार हिचे सहज प्रणय आणि पराक्रमाच्या कथेत रूपांतर करील. बिरशाहच्या पश्चात दत्तक पुत्र रामशाहच्या नावाने राज्य सांभाळणारी आणि पतीची समाधी उभारणारी राणी हिराई मात्र त्या साच्यात शोकाकुल विधवा म्हणूनच उरण्याचा धोका आहे. सत्य, प्रेम आणि भाषा यांविषयीचे जे प्रश्न ‘राऊ’च्या वाचकाने विचारले, तेच या कल्पित कादंबरीलाही विचारावे लागतील. शिवाय एक नवा प्रश्न येईल. गोंडी आणि तेलुगू बोलणारी माणसे या कादंबरीत कोणत्या मराठीत बोलतील? इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडी भाषेचे व्याकरण लिहिले होते. इतिहास आणि भाषा यांचा असा एकत्र विचार या प्रदेशावर लिहू पाहणाऱ्या कादंबरीकारालाही टाळता येणार नाही.

अध्यापनातील उपयोजन

महाविद्यालयीन परीक्षापद्धतीत कादंबरीवरील प्रश्न बहुधा ‘वैशिष्ट्ये सांगा’, ‘व्यक्तिचित्रणातील कौशल्य स्पष्ट करा’ अशा स्वरूपाचे असतात. प्रश्नाच्या शब्दांतच कादंबरी यशस्वी असल्याचा निर्णय दिलेला असतो. विद्यार्थ्याने त्या निर्णयाला पुरावे जोडायचे असतात. जो निराश झाला आहे तो मार्गदर्शिकेतील स्तुती लिहितो आणि गुण मिळवितो. आपल्या खऱ्या मताला वर्गात किंमत नाही, हा धडा तो यातून शिकतो. ज्याची घरची भाषा मराठी नाही त्याच्या बाबतीत ही हानी दुहेरी असते, कारण मराठीत स्वतःचे मत मांडण्याची पहिली संधीच त्याच्याकडून हिरावली जाते.

यावर उपाय खर्चिक नाही. अंतर्गत मूल्यमापनातील एखाद्या स्वाध्यायात ‘ही कादंबरी कोठे उणी वाटली?’ हा प्रश्न ठेवता येईल आणि उत्तरासाठी चार पायऱ्या देता येतील. कादंबरी उघडताना आपली अपेक्षा काय होती, हे विद्यार्थ्याने प्रथम लिहावे. ही अपेक्षा शीर्षकाने, मुखपृष्ठाने, शिक्षकांनी की चित्रपटाने निर्माण केली, हे त्याने नंतर शोधावे. अपेक्षा नेमकी कोणत्या प्रकरणात मोडली, ते पृष्ठासह दाखवावे. शेवटी, ती अपेक्षा या कादंबरीकडून करणे रास्त होते काय, याचा स्वतःच विचार करावा. चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. तिच्यामुळे ‘आवडले नाही’ हे रुचिवाचक वाक्य कारणांसह दिलेल्या अभिप्रायात बदलते. लढायांचे वर्णन फार आहे अशी तक्रार करणाऱ्याला सेनापतीच्या चरित्रात लढाया असणारच हे उमगेल, तर काशीबाईंविषयी प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीची तक्रार या कसोटीवरही टिकून राहील.

प्रत्येक निराशा समर्थनीय असते असे येथे सुचवायचे नाही. घाईने वाचल्यामुळे, संदर्भ माहीत नसल्यामुळे किंवा चित्रपटाशी तुलना केल्यामुळेही निराशा होते. अभिनवगुप्तांच्या विघ्नांमध्ये रसिकाने स्वतःच्या सुखदुःखात गुंतून राहणे हेही एक विघ्न आहेच. परंतु निराशा कोणत्या प्रकारची आहे हे ती ऐकून घेतल्याशिवाय ठरविता येत नाही.

समारोप

ऐतिहासिक प्रणयकादंबरी दोन आश्वासने एकाच वेळी देते. हे घडले होते, असे ती सांगते आणि हे त्यांच्या मनात होते, असेही सांगते. पहिल्या आश्वासनाला कागदपत्रांची मर्यादा आहे, दुसऱ्याला लेखकाच्या सहानुभूतीची. ‘राऊ’सारखी कादंबरी वाचून निराश होणारा वाचक यांपैकी एका मर्यादेवर बोट ठेवीत असतो. मराठीत अशाच असमाधानातून गोडसे यांच्यासारख्या अभ्यासकाचे संशोधन आणि कुरुंदकरांची चिकित्सा आकाराला आली आहे. सीमावर्ती भागातील वाचक याच्या पुढे जाऊन तिसरी मर्यादा दाखवितो, ती म्हणजे इतिहास कोणाचा मानला गेला ही.

या तिन्ही मर्यादांची चर्चा करणे म्हणजे या कादंबऱ्यांचे महत्त्व नाकारणे नव्हे. अनेक पिढ्यांना इतिहासाची आणि वाचनाची गोडी त्यांनीच लावली. ज्या वाङ्मयप्रकाराने एवढा मोठा वाचकवर्ग घडविला, त्याने त्या वाचकाचे नकारात्मक मतही ऐकून घ्यावे, एवढीच अपेक्षा आहे. सिरोंचाच्या वर्गात एखादा विद्यार्थी ‘ही कादंबरी माझी वाटली नाही’ असे मराठीत लिहितो, तेव्हा त्याला गुण कमी न करता पुढचा प्रश्न विचारावा : मग तुझी कादंबरी कशी असती? त्या प्रश्नाच्या उत्तरातून मराठी ऐतिहासिक कादंबरीला नवा विषय मिळू शकेल, आणि कदाचित नवा लेखकही.